नमुन्यातलं माझं नाव

आमच्या पेपर मिलमध्ये नवं ईमेल सॉफ्टवेअर आलं आणि ते शिकवायला संगणक विभागातल्या निरंजनने एक पुस्तिका काढली. रंगीत चित्रं, लाल बाण, ‘इथे क्लिक करा’. साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याची पाठ थोपटली. पुस्तिका उपयोगी होती, हे दातओठ खात का होईना, मी कबूल करते. मेलला फाइल कशी जोडायची, चुकून पुसलेला मेल कुठे सापडतो, हे मी तिच्यातूनच शिकले. पण निरंजनचं तोंड मला आता बघवत नाही.

शेवटी एक पान होतं, रजेवर जाताना लावायच्या आपोआप उत्तराचं. ते मी उघडलंच नव्हतं, कारण मला रजाच मिळत नव्हती.

आमच्याकडे अर्ज कसलाही असो, नमुना समोर ठेवायचा, तारीख बदलायची आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवायचं. नमुन्याला हात लावला की कागद परत येतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. डोकं चालवणं म्हणजे गुन्हाच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्धं ऑफिस आपापल्या गावी गेलं. मीही दापोऱ्याला माहेरी आले. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, त्यांच्या नावाची ही पहिली घागर. विस्तवावर पितरांसाठी घास ठेवायचा, धूर निघाला की तो पोचला म्हणायचं, भोवती पाणी फिरवायचं. तेवढ्यासाठी मी आमचे विभागप्रमुख जितेंद्र सरांशी भांडून रजा घेतली होती.

आईने घागर मांडली आणि माझा फोन सुरू झाला. रद्दीचा ट्रक गेटवर अडलाय. अमक्याचं बिल कधी निघणार? मी खरेदीत असले तरी यातलं एकही काम माझ्याकडे नाही. शेवटी एका व्यापाऱ्याने त्याला आलेलं उत्तर वाचूनच दाखवलं. ‘मी रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास खरेदी विभागातील शारदा पाटील यांना फोन करा.’ पुढे माझा नंबर. फोनवर पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, तर तिथल्या नमुन्यात माझंच नाव, आणि रजेवर गेलेल्या प्रत्येकाने तो त्या नावासकट उतरवला होता!

तेवढ्यात जितेंद्र सरांचा फोन आला. “मॅडम, सबके मेल में तुमचंच नाव आहे. दुपारपर्यंत या.”

“मला विचारलं कोणी?”

“ते मला माहीत नाही. ट्रक अडलाय.” फोन बंद.

माझं डोकंच फिरलं. आतून देवराम, माझा भाऊ, हाक मारत होता, “ताई, ये ना. समदे थांबले हायेत.”

“आलेच,” म्हणत मी अंगणात गेले आणि निरंजनला फोन लावला.

“अरे मॅडम, वो तो उदाहरण था,” तो म्हणाला. मागे पोरं हसत होती, ताटं वाजत होती. “लोकांनी नाव बदलायला पाहिजे होतं ना.”

“मग उदाहरणाला स्वतःचं नाव का नाही टाकलंस?”

“माझं टाकलं असतं तर सगळे फोन मला नसते आले का?”

माहीत होतं त्याला! लोक काय करणार हे पुरतं ठाऊक असून त्याने माझा नंबर छापला होता. मग मी तोंड सोडलं. शेजारच्या बायका दारात आल्या तरी थांबले नाही. तो ‘सॉरी मॅडम, सॉरी मॅडम’ करू लागला तेव्हा मला बरं वाटलं, म्हणून आणखी चार शब्द सुनावले.

घरात आले तर देवराम ताटं वाढत होता.

“लय वाट पाह्यली, बाई,” आई म्हणाली. “इस्तव इझला.”

मी घागरीपुढे बसले. राखेवर घास ठेवला, पाणी फिरवलं. धूर निघाला नाही. निरंजनला चांगलं झोडपलं होतं आणि बाबांना उपाशी ठेवलं होतं. मला रडू आवरेना.

फोन पुन्हा वाजला, जितेंद्र सरांचा. मी हात पुढे करायच्या आत आईने तो उचलला. तिला फोन धड धरताही येत नाही.

“शारदा नाही येनार,” ती जोरात म्हणाली. “ती तिच्या बापापाशी बसली हाय.”