एक घोट कमी

(आत: हवा)

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बाटली. माझं वय मला विचारू नका. माझ्या पोटात कधी काय होतं, एवढंच मला सांगता येतं. तेव्हा त्याच क्रमानं ऐका.

सुरुवातीला हवा होती. कारखान्यातल्या यंत्रानं ती माझ्यात फुंकली आणि मी फुगून साच्याला टेकले. पण तेव्हाही मी कोरी नव्हते. भट्टीत वाळूबरोबर फुटक्या बाटल्या टाकल्या होत्या. शाईच्या, औषधाच्या, कशाकशाच्या. म्हणजे मी जन्मले तीच जुनी.

(आत: संत्र्याचा रस)

हे दिवस थोडे. पोटावर लेबल चिकटलं: कापलेलं संत्रं, एक हिरवं पान आणि टपकणारा थेंब. दुकानाच्या फळीवर लोक माझ्याकडे नाही, त्या थेंबाकडे बघायचे.

मला बारकीनं निवडलं. बारकी सात वर्षांची. तिच्या घरात तिची आई आणि आत्या. बाबा जहाजावर कामाला, सहा-सहा महिने दूर. रस दोन दिवसांत संपला. तिसऱ्या दिवशी मी कचऱ्याच्या बादलीत जाणार, तोच आत्यानं माझी मान धरली.

"थांब बाई," आत्या मला म्हणाली, "तुझं अजून वय झालेलं नाही."

(आत: काही नाही)

आत्या प्रत्येक वस्तूला असंच म्हणायची. फाटक्या छत्रीच्या कापडाची पिशवी व्हायची. विजारीच्या पायांची उशी व्हायची. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यांनी लटकायच्या. टूथब्रशनं दात घासणं बंद केलं की तो बिजागऱ्या घासायला लागायचा. गॅलरीत फळांच्या खोक्यांची एक मांडणी होती. तिथे आम्ही सगळे पुढच्या कामाची वाट बघत बसायचो.

आई जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करून त्यांना पॉलिश करायची. तिचं काम मागच्या खोलीत चालायचं. येता-जाता ती मांडणीकडे बघून नणंदेला चिडवायची.

"वन्सं, उद्या मी म्हातारी झाले की मलाही इथेच ठेवाल."

"छे! वहिनी, तुमच्याएवढा खोका कुठून आणू?"

आत्याची एक सवय मात्र ध्यानात ठेवा. ती लेबलं काढत नसे. "लेबल काढलं की बाटली उघडीबोडकी दिसते," ती म्हणायची. लेबलांमुळे तिची मांडणी दुकानासारखी रंगीत दिसायची, आणि तिला ते फार आवडायचं. माझ्या बरोबरीच्या दोन बाटल्या तर थेट फ्रिजमध्ये गेल्या. त्यांच्या पोटावर संत्रं होतं आणि पोटात पाणी. घरातले सगळे त्यातूनच पाणी प्यायचे.

(आत: टर्पेंटाइन)

आईच्या टर्पेंटाइनचा पत्र्याचा डबा तळाशी गळायला लागला. पॉलिश पातळ करायला, ब्रश धुवायला तिला ते रोज लागायचं.

"वन्सं, घट्ट झाकणाची एखादी बाटली आहे का हो?"

"एखादी? निवडा तुम्ही!" असं म्हणून आत्यानंच मला निवडलं. मला काम मिळालं म्हणून ती इतकी खूश झाली, की तिनं माझं लेबल ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केलं.

टर्पेंटाइन पाण्यासारखंच दिसतं. वासानं ओळखू येतं, पण झाकण लावलं की वास आत राहतो. महिनाभर मी मागच्या खोलीत, वरच्या फळीवर होते.

एका दुपारी फोन वाजला. जहाजावरून बाबांचा फोन महिन्यातून एकदा यायचा आणि चार मिनिटांत तुटायचा. आई हातातलं न ठेवताच धावली. हातात मी होते. फोन स्वयंपाकघरात होता. तिनं मला तिथल्या टेबलावर ठेवलं, झाकण नीट न लावता, आणि पाठमोरी होऊन बोलू लागली. बारकी खेळून आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. फोनवर बाबा आहेत हे कळल्यावर तिला पटकन पाणी पिऊन आपला नंबर लावायचा होता.

तिनं मला तोंडाला लावलं.

(आत: टर्पेंटाइन, एक घोट कमी)

काचेला चव कळत नाही. मला एवढंच कळलं, की आतलं थोडं हललं आणि मग मी आडवी झाले. उरलेलं फरशीवर सांडलं. बारकी खोकत होती आणि खोकला थांबत नव्हता.

आत्या मिठाचं पाणी घेऊन आली. "पी, बाळा, पी. उलटून पडेल सगळं."

"नको!" आईनं पेला हातातून हिसकावला. "उलटी नाही करवायची. डब्यावर लिहिलंय!"

त्या गळक्या डब्यावर तसं खरंच लिहिलेलं होतं. लाल अक्षरांत, चौकटीत. माझ्यावर काय लिहिलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यांनी बारकीला उचललं आणि मला पिशवीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय प्यायली?" आईनं मला पुढे केलं. बाईंनी लेबल वाचलं, मग आईकडे पाहिलं.

"संत्र्याचा रस?"

"नाही," आई म्हणाली. "टर्पेंटाइन. मीच भरलं होतं."

"बाटली मी दिली होती," आत्या म्हणाली.

बाईंनी मला हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "उलटी करवली नाहीत ना? बरं केलंत. उलटीबरोबर ते फुफ्फुसांत गेलं असतं. आता छातीवर लक्ष ठेवावं लागेल." दोन दिवस मी खिडकीत उभी होते. त्या दोघी बारकीच्या दोन बाजूंना बसून होत्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या.

(आत: काही नाही)

बारकी वाचली. आवाज तेवढा घोगरा झाला, आणि तो पुढे आठवडाभर तसाच राहिला.

घरी आल्याबरोबर आत्यानं गॅलरीत गोणी पसरल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं. डबे, बाटल्या, पिशव्या, ती एकेक वस्तू गोणीत टाकत होती. आई दारात उभी राहून बघत होती. फ्रिजमधल्या दोन बाटल्या गेल्या. मग आत्यानं माझी मान धरली. थांब म्हणाली नाही.

"आत्या, तिला कशाला टाकतेस?" बारकीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तिच्यामुळेच झालं ना सगळं."

"पण तिनं काय केलं? ती तर नुसती उभी होती." बारकीनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. "खोटं चित्र आहे तिच्यावर. ते काढायचं."

तिनं मला टोपात घातलं, वर कोमट पाणी ओतलं आणि चमच्यानं खरवडायला बसली. आधी पान गेलं. मग थेंब. संत्रं अर्धं निघालं आणि डिंक तसाच राहिला, काळपट, चिकट. ती खरवडत होती, मध्येच खोकत होती. आत्या गोणीजवळ नुसती बसून राहिली.

तेवढ्यात आई आत गेली. हातमोजे घालून परत आली, हातात एक चिंधी.

"दूर सरक," ती बारकीला म्हणाली. "आत्याजवळ जाऊन बस."

चिंधीला तोच वास होता. आईनं दोन हात मारले आणि डिंक सुटला. टर्पेंटाइनचं हेही एक काम आहे. मग तिनं मला साबणानं आतून-बाहेरून तीनदा धुतलं आणि उन्हाकडे धरून पाहिलं.

"वन्सं," ती मागे न बघता म्हणाली, "उरलेल्या आणा. एकदमच उरकून टाकू."

आत्याला उठायला जरा वेळ लागला. मग गोणीचं तोंड सुटल्याचा आवाज आला.

(आत: पाणी)

आता माझ्यात एका वेलीची फांदी आहे. पांढरी मुळं बाहेरून दिसतात. बारकी दर रविवारी पाणी बदलते. मांडणी पूर्वीसारखी रंगीत राहिलेली नाही. आईचं टर्पेंटाइन नव्या डब्यात आलं. तो डबा कुलपाच्या कपाटात असतो. तो रिकामा झाला तरी त्याला दुसरं काम मिळणार नाही, असं खुद्द आत्यानंच ठरवलं आहे.

मित्रांनो, आम्हाला फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आमच्यात अजून बरंच काम शिल्लक असतं. पण नवं काम देण्याआधी आमचं जुनं नाव पुसा. ते आम्हाला स्वतःहून पुसता येत नाही. आणि समोरून कुणी तहानलेलं आलं, तर आम्हाला ओरडताही येत नाही.