मनगटाचा एक्स-रे

आमच्या रेकॉर्ड प्लेअरची थाळी डुगडुगते, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नवरा म्हणाला होता, "रविवारी बघतो." तो रविवार काही उगवला नाही, आणि आता नवराही नाही. मला रडू आलं नाही. सुरुवातीला भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, मग कंटाळले.

शनिवारी दुपारी मी तो प्लेअर टेबलावर घेतला. दुसऱ्या दिवशी नणंद येऊन अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कायमचं तिच्याकडे नेणार होती. "वहिनी, तुझ्यावर कशाला भार?" असं ती फोनवर म्हणाली आणि मी "बरं" म्हणाले. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. अप्पाही तिला "बरं" असंच म्हणाले असणार. त्यांनी राहावं असं मला वाटत होतं, पण ते तोंडातून निघेना. निदान जाण्याआधी एक रेकॉर्ड धड ऐकवावी म्हटलं.

दुकानदाराने सांगितलं, थाळी मिळत नाही, नवीन मशीन घ्या. इस्पितळाने घर धुऊन नेल्यावर नवीन मशीन घेतेय! मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पेन्सिल आडवी ठेवली, तिचं टोक थाळीच्या कडेला वरून भिडवलं आणि थाळी हाताने फिरवली. एका बाजूला कड घासायची, दुसऱ्या बाजूला फट पडायची. फटीच्या जागी चिकटपट्टीची खूण केली. थाळी उचलून, ती खालच्या ज्या छोट्या चाकावर बसते त्यावर खुणेच्या बाजूला कागदाची घडी ठेवली.

अप्पा कधीपासून मागे उभे होते, देव जाणे. जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. दुसऱ्याचं काम बघत गप्प बसणं त्यांना कधी जमलं नाही, पण हल्ली तेही जमायला लागलं होतं.

"कागद दबेल," ते म्हणाले. "दोन गाणी झाली की परत डुगडुग."

"मग पत्रा घालू?"

"जाड होईल. पातळ हवं, पण न दबणारं."

"एक्स-रे," मी म्हणाले. कांदे संपलेत म्हणावं तसं.

घरात एक्स-रे कुणाचे होते, हे काय सांगायला हवं?

मी कपाटातून पाकीट आणलं. त्यात सगळे छातीचे होते, आणि एकच मनगटाचा, नवरा कॉलेजात असताना सायकलवरून पडला तेव्हाचा. हा जुना, बिनकामाचा, म्हणून मी त्यालाच कात्री लावायला गेले.

"तो नको!" अप्पा केवढ्याने ओरडले. "छातीचा काप. त्यांचं आता काय लोणचं घालायचंय?" मग त्यांचा आवाज बसला. "मनगटाचा राहू दे. ते जुळलं होतं गं."

मी छातीचा घेतला आणि जिथे डाग होता, बरोबर तिथूनच कापला. मला राग आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी आलं होतं.

एक पट्टी घातली, कमी पडली. दुसरी घातल्यावर मात्र कड पेन्सिलीजवळून अगदी शहाण्यासारखी फिरली. रेकॉर्ड लावली. व्हायोलिनचा लांब सूर आमच्याकडे कायम झोकांड्या खायचा, तो आज सरळ गेला.

अप्पा वाकून थाळीकडे बघत राहिले. "बेल्टही ढिला झालाय," ते म्हणाले. "रविवारी बघतो."

"अप्पा, रविवार उद्याच आहे. ताई येणार आहेत."

पट्टी कापून उरलेली फिल्म त्यांनी उगाच सरळ केली.

"मग पुढच्या रविवारी बघतो," ते म्हणाले.

मी बरं म्हणाले नाही. "तुम्ही जाऊ नका," असं म्हणाले, आणि मग जे रडू फुटलं ते बाजू संपून सुई खरखरायला लागली तरी थांबेना. अप्पांनी सुई उचलून ठेवली आणि मुलीला फोन लावला.