कुलपातली निळी कार्डं

मुलांनो, जरा सावरून बसा आणि कल्पना करा. तुमच्या हातात दोन जाड कार्डं आहेत. एक केशरी, एक निळं. समोर कुणी काही सुचवलं आणि ते तुम्हाला पटलं, तर केशरी वर करायचं. नाही पटलं, तर निळं. निळं कार्ड वर झालं की अध्यक्षांना थांबावंच लागतं. "का बरं पटलं नाही?" असं विचारावंच लागतं, आणि उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झालं, एवढंच. तुम्ही बसल्या जागी शिकलात ना? आमच्या गोष्टीतल्या मोठ्या माणसांना हे शिकवायला तीन रविवार लागले, आणि तिसऱ्या रविवारी ती पहिल्यापेक्षा जास्त बिघडलेली होती.

ही गोष्ट भिंगरीची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. ती आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत घरचे तिला नावाने हाक मारून बघत. मग त्यांनीही नाद सोडला. तिच्या गावातल्या चर्चमधून दरवर्षी चार प्रतिनिधी प्रांतिक सभेला जात. आसपासच्या सगळ्या मंडळ्यांची माणसं तिथे जमतात आणि कुठला पाळक कुठे जाणार, कुठलं प्रार्थनाघर चालू राहणार, कुठलं बंद होणार, ते ठरवतात. यंदा वरून सांगणं आलं होतं की प्रत्येक मंडळीने सोबत एक मूलही पाठवावं, आणि त्याच्या कार्डाला मोठ्यांच्या कार्डाइतकंच वजन असावं. संडे स्कूलच्या पोरांनी भिंगरीला निवडलं, कारण ती कुणालाही घाबरत नसे. हे कारण आधी कळलं असतं तर वडीलमंडळींनी दुसरं मूल शोधलं असतं.

प्रतिनिधींना तयार करायचं काम ठरावकाकांचं. हे मंडळीचे कार्यवाह, आणि भिंगरीच्या बाबांना मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासूनचे कार्यवाह. ठरावाशिवाय त्यांचं पान हलत नसे. घरी भाजी कोणती करायची यालाही त्यांना सूचक आणि अनुमोदक लागत. काकू बिचाऱ्या चर्चा संपायच्या आत भाजी चिरून मोकळ्या होत.

चर्चच्या मागच्या खोलीत सराव चाले. घडीच्या खुर्च्या, मधूनमधून लुकलुकणारी ट्यूब, आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. एका खुर्चीत दातांचे डॉक्टर बसत. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून दमलेले हे गृहस्थ इथे स्वतःच आ करून झोपत. दुसरीत शिंपीणमावशी. त्या कानाने ठराव ऐकत आणि हाताने काजं करत. तिसरे पाळकसाहेब. सगळ्यांशी गोड आणि कुणाच्याच बाजूने नाही, असा त्यांचा स्वभाव. लोक त्याला नम्रता म्हणत. चौथे खुद्द काका. आणि खिडकीच्या कट्ट्यावर भिंगरी.

"उभं कसं राहायचं?" काका विचारत.

"पायांवर," मावशी म्हणत.

"मावशी, थट्टा नको. आधी खुर्ची मागे. मग डावा हात खिशाबाहेर. मग 'माननीय अध्यक्षमहोदय'. डॉक्टर! डॉक्टर, उठा!"

"दुखतंय का?" डॉक्टर दचकून विचारत.

पहिला रविवार उभं राहण्यात गेला. दुसरा बसण्यात. सभेपुढे कोणते ठराव येणार आहेत, याची पुस्तिका प्रत्येकाच्या मांडीवर होती, पण ती उघडायला काकांची बंदी होती.

"वाचू नका. वाचलं की विचार येतात, विचार आले की गोंधळ होतो. मी आहे ना!"

"पण काका, तुम्ही सगळे वाचलेत?" भिंगरीने विचारलं.

"नववा वाचलाय. पाठ आहे मला नववा."

पाठ असणारच. नववा ठराव त्यांनीच लिहिला होता. इतक्या वर्षांत त्यांचा एखादा ठराव प्रांतिक सभेपर्यंत जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याचं नाव होतं 'उपासनास्थळांचे सुसूत्रीकरण'. मुलांनो, एखाद्या गोष्टीला इतकं लांब नाव दिलेलं दिसलं की समजावं, छोटं नाव सांगायची लाज वाटते आहे. छोटं नाव होतं: टेकडीवरचं प्रार्थनाघर बंद करणे.

टेकडीवर पंधरा-वीस म्हातारी माणसं राहत. त्यांचं ते प्रार्थनाघर, एक खोली आणि एक जुना ऑर्गन. पाळकसाहेबांना चढ चढून धाप लागे, हजेरी थोडी, आणि काकांच्या डोळ्यांना दोन जागी होणारी उपासना म्हणजे एका चादरीला दोन ठिगळं दिसत. सगळ्यांनी खाली यावं, एका छपराखाली बसावं, की झालं सुसूत्र. टेकडीवर काका स्वतः कधी गेले नव्हते.

भिंगरी मात्र दर शनिवारी जाई. तिथे तिची मोठी आत्या राहायची. आत्याला दिसत नव्हतं. तिच्या दारापासून प्रार्थनाघराच्या दारापर्यंत, आणि आत थेट ऑर्गनच्या स्टुलापर्यंत, टेकडीवरच्या लोकांनी एक लोखंडी कठडा बसवला होता. आत्या त्यावर हात ठेवून निघे आणि कुणाच्याही मदतीशिवाय जाऊन वाजवायला बसे. भिंगरी लहान असताना डोळे मिटून तिच्या मागोमाग चाले. कुठे कठडा गार लागतो, कुठे ऊन पडून कोमट होतो, कुठे जोड खरखरतो, सगळं तिच्या तळहाताला पाठ होतं.

"खाली आलीस तर आम्ही तुला हाताला धरून नेऊ ना," भिंगरी त्या शनिवारी म्हणाली.

"न्याल गं. पहिल्या रविवारी चौघं धावतील. दुसऱ्या रविवारी दोघं. मग कुणाचे पाहुणे, कुणाची सर्दी. आणि मी दारात पर्स घेऊन बसलेली, पार्सलासारखी." आत्या हसली. "तुझे ते ठरावकाका येऊन तरी गेलेत का कधी इथे?"

"त्यांचे गुडघे दुखतात म्हणे."

"असं! म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना सूट, आणि आमच्या डोळ्यांना ठराव." मग ती एकदम गंभीर झाली. "हे बघ, बोलायची वेळ आली तर माईकपुढे रडू मात्र नकोस हां. लहान मूल रडलं की सगळे पाणावतात, टाळ्या वाजवतात, आणि मग निवांतपणे टेकडी बंद करतात. रडणं त्यांना फार आवडतं. पटवून घ्यायला नको."

तिसऱ्या रविवारी कार्डांचा सराव होता. काकांनी खूण ठरवली.

"मी चष्मा काढला, की केशरी वर. बाकी काही बघायचं नाही, ऐकायचं नाही. चष्मा, केशरी. चष्मा, केशरी."

चष्मा निघाला. मावशींचं कार्ड वर, त्याला सुईदोरा लटकलेला. पाळकसाहेबांचं वर. डॉक्टरांचंही वर, डोळे मिटलेले असताना. काकांचा ऊर भरून आला.

"आणि निळं कधी?" मावशींनी विचारलं.

"निळ्याची गरज नाही. आपली मंडळी एकमुखी आहे. चुकून भलतं कार्ड वर गेलं तर शोभा व्हायची." त्यांनी सगळ्यांची निळी कार्डं गोळा केली. स्वतःचंही त्यात घातलं, आदर्श म्हणून. गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

भिंगरीने आपलं निळं कार्ड पुढे केलं नव्हतं. "माझं?"

"तुझं राहू दे, खेळ त्याच्याशी. तुझं कोण मोजतंय?"

भिंगरीने पाळकसाहेबांकडे पाहिलं. "मोजतात ना हो?"

"नियमाप्रमाणे मोजतात," पाळकसाहेब म्हणाले, आणि काकांकडे पाहून घाईघाईने पुढे म्हणाले, "पण नियमाचं काय एवढं."

काकांनी तिला एक कागद दिला. त्यावर तिचं भाषण होतं. 'मी मंडळीच्या बागेतलं एक चिमुकलं फूल' अशी सुरुवात. सभेच्या आरंभी तेवढं म्हणायचं आणि मग दिवसभर हसून बसायचं. भिंगरीने घरी तो कागद एका हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. त्या कागदाचा तेवढा तरी उपयोग झाला. पुस्तिका मात्र तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. सहावा ठराव वाचून ती काकांना सांगायला गेलीही होती. "नववा सोडून मला काही सांगू नकोस," काका म्हणाले. मग तिने नाही सांगितलं.

सभेचा दिवस उजाडला. मोठं सभागृह, खुर्च्यांच्या रांगांमागून रांगा, व्यासपीठावर अध्यक्षबाई. फुलाचं भाषण भिंगरीने म्हटलं नाही. "सगळ्यांना नमस्कार" एवढं म्हणून ती खाली बसली. काकांनी डोळे वटारले. पहिले पाच ठराव सुरळीत पार पडले. चष्मा, केशरी. शेजारच्या रांगेतले लोक कौतुकाने बघत होते. डॉक्टर तर घोरता घोरता पाठिंबा देत होते.

मग अध्यक्षबाईंनी सहावा वाचला. "कोणत्याही मंडळीत एकच व्यक्ती वर्षानुवर्षे कार्यवाहपदी राहू नये. दीर्घकाळ पदावर असलेल्यांनी या वर्षअखेर जागा मोकळी करावी."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या कपाळावर दरदरून घाम फुटला, डोळ्यांत उतरला, आणि तो पुसायला त्यांनी चष्मा काढला.

सट्‌कन तीन केशरी कार्डं वर गेली.

"खाली! खाली करा!" काका दबक्या आवाजात ओरडले. "निळं दाखवा!"

"निळं कुठलं?" मावशी म्हणाल्या. "कपाटात आहे ना!"

"दुखतंय का?" डॉक्टर म्हणाले. कार्ड वरच होतं.

काका उठून उभे राहिले. खुर्ची मागे, डावा हात खिशाबाहेर, सगळं शास्त्रशुद्ध. "माननीय अध्यक्षमहोदय..."

"आपल्याकडे निळं कार्ड आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "नसेल तर बोलता येणार नाही, आपल्याला ठाऊकच आहे. आणि आपल्या मंडळीचा तर भरघोस पाठिंबा दिसतोय. मोठ्या मनाची मंडळी आहे हो तुमची."

टाळ्या पडल्या. काका खुर्चीत बसले, ते भिंगरीकडे वळूनच. तिच्या मांडीवर निळं कार्ड होतं. साऱ्या मंडळीत तेवढं एकच.

"दे. दे इकडे लवकर. लगेच परत देतो."

"पण काका," भिंगरी म्हणाली, "याला कोण मोजतंय?"

हे उद्धट होतं का? होतं, थोडं. मी तुम्हाला असं बोला म्हणणार नाही. पण तीन रविवार ज्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांची तोंडं बंद केली, त्यांना आपलं तोंड उघडायला लेकराचं कार्ड मागावं लागलं, याचं मला काही फार वाईट वाटत नाही.

सहावा मंजूर झाला. सातवा, आठवा. काका पाषाणासारखे बसले होते. नववा आला. 'उपासनास्थळांचे सुसूत्रीकरण.' नाव वाचताना अध्यक्षबाईंचीही जीभ अडखळली. काकांचे डोळे किंचित चमकले; निदान हा तरी! त्यांनी चष्मा काढला. केशरी, केशरी, केशरी. भोवतीच्या सगळ्या रांगांतही केशरी. त्यांतल्या कुणीच टेकडी पाहिली नव्हती, पण सुसूत्रीकरणाला नाही कोण म्हणणार?

भिंगरीने निळं कार्ड वर केलं. हात अगदी ताठ, खांद्यातून दुखेपर्यंत.

"अरे, तिकडे एक निळं आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. सभागृह वळून बघू लागलं. "थांबू या. बाळ, तुला का पटलं नाही? इथे माईकपाशी ये आणि सांग."

"ती लहान आहे, अध्यक्षमहोदय," काका उठत म्हणाले, "तिला काही समजत..."

"आपल्याकडे निळं कार्ड आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काका बसले.

भिंगरी उठली. काय बोलायचं ते तिने रात्रभर जुळवलं होतं आणि त्यातला एकही शब्द आता आठवत नव्हता. आत्याचं बोलणं आठवलं. रडायचं नाही. मग तिने डोळे मिटले, घट्ट. कार्ड डाव्या हातात धरलं आणि उजवा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

ती चालू लागली. एका खुर्चीच्या पाठीवरून दुसरीच्या, दुसरीवरून तिसरीच्या, तळहात सरकवत, अजिबात न अडखळता. कुणी मदतीला हात पुढे केला तर तिने मान हलवली. हळूहळू कुजबुज थांबली. रांग संपली तिथे खुर्च्याही संपल्या. तिथून माईकपर्यंत नुसती मोकळी फरशी होती. भिंगरी थांबली. डोळे मिटलेलेच. हात पुढे करून तिने हवेत चाचपलं, उजवीकडे, डावीकडे, जिथे धरायला काहीच नव्हतं तिथे. "माझ्या आंधळ्या आत्याला टेकडीवर इथे कठडा असतो, खाली नाही," ती म्हणाली. आणि हात तसाच पुढे धरून ती उभी राहिली, सभेतल्या प्रत्येकाला तो रिकामा हात दिसेपर्यंत.