रहिवासी क्रमांक एक

स्मार्ट घरांवरच्या त्या कार्यशाळेसाठी प्राध्यापकांनी चार महिने जिवाचं रान केलं होतं. शोधनिबंध मागवले, परीक्षकांच्या नाकदुऱ्या काढल्या, गळ्यात अडकवायची ओळखपत्रंसुद्धा स्वतः कापली. विषय असा, की संगणक भिंतीत, दारात, दिव्यात असा मुरवायचा की घरातल्या माणसाला त्याचा पत्ताही लागू नये. दोन निबंध त्यांनी ताडकन परत पाठवले होते, कारण ज्यांच्या घरात सेन्सर लावले त्यांची लेखी संमती जोडलेली नव्हती. ‘माणसं म्हणजे काय पिंजऱ्यातले उंदीर आहेत?’ असं वर खडसावलंही होतं.

आणि ऐन कार्यशाळेच्या सकाळी दुपारचा वक्ता आजारी पडला. कार्यक्रमात पाऊण तासाचं भगदाड! प्राध्यापकांची पाचावर धारण बसली. मग एकदम आठवलं, आपल्याकडे आहे की माहिती. दोन वर्षांची, एकाच घरातली.

घर आईचं होतं. वडील गेल्यावर ती एकटी राहायची, आणि तिचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर प्राध्यापकांनी तिथे सात सेन्सर बसवले होते. काळजीपोटीच बसवले, त्यात खोटं नव्हतं. “दिव्यांसाठी आहेत गं,” एवढंच तिला सांगितलं. बाकीचं तिला काय कळणार? संमतीच्या कागदावर त्यांनी स्वतःच सही ठोकून दिली. घरचंच तर काम होतं.

दुपारी सभागृहात अंधार झाला आणि पडद्यावर ‘रहिवासी क्रमांक एक’ अशी अक्षरं उमटली. प्राध्यापक रंगात आले. त्यांनी रात्रीच्या न्हाणीघरातल्या फेऱ्या दाखवल्या. एका रात्री तिथे तब्बल पन्नास मिनिटं गेली होती आणि पहाटे चारला वॉशिंग मशीन सुरू झालं होतं.

“वेळेवर पोचणं जमलं नसावं बहुधा,” प्राध्यापक म्हणाले. हशा पिकला. हशा पिकला की बोलणाऱ्याला चढतेच, तशी त्यांनाही चढली. “आता हे बघा. रोज संध्याकाळी सहा ते सात, दारापाशी. बाहेर जाणं नाही, कोणी येणं नाही. याला आम्ही निरर्थक हालचाल म्हणतो.”

टाळ्या झाल्या, दिवे लागले, आणि शेवटच्या रांगेत त्यांना आई दिसली. ठेवणीतले कपडे घालून, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. समारोपाला त्यांनीच तिला बोलावलं होतं, ती तासभर आधीच पोचली होती.

चहाच्या वेळी सत्राचे अध्यक्ष तिच्यापाशी गेले. “आजी, आपण कोणाबरोबर आलात?”

आईने एकवार मुलाकडे पाहिलं. “कोणाबरोबर नाही. सहज आले होते, बसले जरा.”

‘ही माझी आई’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. प्राध्यापक कपात बघत राहिले. तिची लाज राखायला गप्प बसलो, असं त्यांनी मनाला सांगूनही पाहिलं. पण परत पाठवलेल्या निबंधांपैकी एकाची लेखिका दोन हातांच्या अंतरावर बिस्किट खात उभी होती, आणि खरं कारण ती होती. त्यांना स्वतःचीच किळस आली.

समारोप कसाबसा उरकून ते आईला घरी घेऊन आले, तेव्हा साडेसहा झाले होते. आई दारापाशी रेंगाळली नाही. सरळ खुर्चीत जाऊन बसली, पर्स मांडीवरच होती.

“चुकलं माझं,” समोर बसत प्राध्यापक म्हणाले.

“त्या रात्री चादर धुतली, ते मी शेजारणीलासुद्धा कळू दिलं नव्हतं रे.”

त्यांना मान वर करवेना.

“आणि रोज फोनवर तू म्हणतोस, जमलं तर सहाला डोकावतो,” आई म्हणाली. “मी दारात का उभी असते ते तुझ्या यंत्राला नाही कळलं, समजू शकते. तुलाही नाही कळलं?”

खाली मान घालून ते बसून राहिले. आईही बसून राहिली. पाच मिनिटं कोणी हललं नाही, तसा डोक्यावरचा दिवा आपोआप विझला.

“आई, जरा हात हलव. लागेल दिवा.”

“नको. हललं की लिहिलं जातं ना?”

प्राध्यापक स्वतःच हात उचलणार होते, पण तो त्यांनी मांडीवरच धरून ठेवला. त्यांनाही हलवेना. दोघं अंधारात समोरासमोर बसून होती, आणि त्या संध्याकाळच्या नोंदीत सहा सत्तेचाळीसला एक ओळ पडली: घरात कोणी नाही.