बेटावरची धुरी

“अगं बायजा, धूर डासांना दे, मला नको!” त्र्यंबकराव खोकत खोकत ओसरीवर आले. कानांवर उपरणं, पायांत मोजे, अंगाला करंजेल आणि वरून घोंगडी, असा सगळा थाट. गिरगावातल्या कचेरीत कारकुनांना धाकात ठेवणाऱ्या या गृहस्थाने ठाण्याच्या खाडीतल्या एवढ्याशा बेटावर डासांपुढे पुरते हात टेकले होते.

बायजाने धुमसतं मडकं बाजूला सरकवलं. गोवऱ्या, नारळाची सोडणं आणि वर कडुनिंबाचा ओला पाला. हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाणी भरायचं, केर काढायचा आणि तिन्हीसांजेला धुरी घालायची, हे तिचं काम. मुंबईच्या एका शेटजींनी इथे बंगली बांधली आणि मिठागरात मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायजाला राखणीला ठेवलं, त्याला पुष्कळ वर्षं झाली. नवरा कधीच गेला होता, पोटी मूलबाळ नव्हतं. पाहुणे परतले की बोलायला कावळे तेवढे उरत, आणि कावळ्यांना तरी माणसाने किती ऐकवायचं?

यंदा मात्र महिनाभरासाठी सगुणाबाई आली होती. त्र्यंबकरावांची बायको, सतराअठराची, आजारातून उठलेली काडीसारखी पोर. वैद्यांनी खाडीची हवा सांगितली म्हणून आली, एवढंच बायजाला ठाऊक. दुपारी ती म्हणे, “बस ना गं जरा.” ‘हे कर, ते आण’ असं बायजाला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं होतं, ‘बस’ कुणी म्हटलं नव्हतं. ती बसे, पोरीची वेणी घाली, आणि महिना संपूच नये असं तिला वाटे.

“आजही डास चावले तर उद्या सकाळीच आम्ही चाललो,” त्र्यंबकराव म्हणाले. “हिच्या हातांवर बघ कसे चट्टे उठलेत. त्या मच्छरदाणीत शिरलेला डास बाहेर पडायचं नाव घेत नाही. त्याचाही हवापालटच चाललाय!”

बायजा मडक्यापासून उठली. “नको मालक, जाव नको. मी आज अशी धुरी घालतंय, एक डास र्‍हायाचा नाय.”

डास फिरकत नाहीत अशी एकच खोली तिला माहीत होती, बाळंतिणीची. खाडीपलीकडच्या गावात कुणीही बाळंत झालं की निखारे फुलवायला बायजाला बोलावत, तिच्यासारखी धुरी कुणाला साधत नसे. पण वांझ बाईने आत जायचं नाही. ती उंबऱ्याशी मडकं ठेवी, आत दुसरी कुणी नेई. आतून बाळाचं रडणं ऐकू येई, आणि ती घरी जाई. तो वास तिला फार आवडे. सुखी घराचा वास असाच असतो, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

तिने निखाऱ्यांवर ओवा टाकला, लसणीची सालं टाकली, ऊद टाकला आणि मडकं सगुणाबाईच्या उंबऱ्याशी ठेवलं. धूर आत गेला. थोड्या वेळात गुणगुण थांबली.

“वा! एक डास नाही!” त्र्यंबकरावांनी कानांवरचं उपरणं सोडलं. तेवढ्यात आतून हुंदका आला, मग दुसरा. त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काय जाळलंस हे?”

“ओवा न् लसूण, मालक. बाळंतिणीला देतात ती धुरी.”

“अगं, दिवाळीत आमचं मूल गेलं. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी...” त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. “विझव ते आधी.”

“मना ठाव नव्हता, मालक. देवाशपथ ठाव नव्हता.” बायजाने मडक्याला हात घातला.

“विझवू नकोस,” आतून सगुणाबाई म्हणाली. “आत ये. माझ्याजवळ बस.”

“नको बाय. मी वांझ हाय. ह्या धुरीशी आमच्यात आत येत नाय.”

“माझ्या कुशीत तरी कोण आहे गं?”

बायजाने उंबरा ओलांडला. पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. दिवाळीपासून ती अशी रडलीच नव्हती. बायजा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे तिचंही रडणं कुणाला दिसलं नाही.

सकाळी त्र्यंबकरावांनी सामान बांधलं. हिला आता इथे ठेवणं बरं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि बायजाला वाद घालायला तोंड नव्हतं. भरतीची वाट पाहायलाही ते तयार नव्हते. ओहोटीमुळे होडी लांब पाण्यात उभी होती, मधे गुडघाभर चिखल. ते धोतर खोचून, देवाचं नाव घेत पुढे झाले.

बायजाने सगुणाबाईला उचलून कडेवर घेतलं. मिठाच्या पाटीपेक्षा ती हलकी होती. पोरीने तिच्या गळ्याला मिठी घातली आणि मान खांद्यावर टाकली. बायजा सावकाश चालली, गरज होती त्याहून सावकाश. होडीत उतरवल्यावर पोर काहीतरी म्हणाली, पण तांडेलाने वल्हं मारलं होतं.

होडी वळणाआड गेल्यावर बायजा परतली. काठाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपला डावा हात अजून कमरेशी वाकलेलाच आहे. तिने तो तसाच ठेवला आणि एका हाताने पायांचा चिखल धुतला.