कुंतीचा घास आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फुगा आहे. हसलात ना? हसा, हसा! पण मी जत्रेतला नाही हं. जाड रबराचा, वर रेशमी कापड, मागे लांब नळी, असा मी आगबोटीने मॉरिशसला आलो आणि सरकारी इस्पितळात राहिलो. काही माणसांच्या अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नाही. गिळलेला घास छातीतच अडकतो. मला तिथे उतरवून हवा भरायचे आणि मी फुगलो की ती वाट सैल व्हायची.

छप्पन्न साली बों अक्योय गावाहून कुंती आली. उसाच्या शेतात राबणारी बाई, पण नुसती हाडं उरलेली. डॉक्टर चंद्रमोहन यांनी मला तिच्या घशातून खाली सोडलं. तिला फार दुखलं, मलाही वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पेज प्यायली, मग चक्क डाळभात जेवली! तिच्या नवऱ्याने, जयदेवने, तिथेच हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "ही वाट पुन्हा आवळू शकते. बरं वाटलं तरी दर वर्षी दाखवून जा."

ती काही आली नाही. कपाटात पडल्या पडल्या मी तिचीच स्वप्नं बघायचो. चुलीवर भात रटरटतोय, बाहेर ऊस सळसळतोय आणि कुंतीचा घास अलगद खाली उतरतोय. साठ सालच्या चक्रीवादळात खिडक्या फुटल्या, तरी माझं स्वप्न मोडलं नाही. आपण केलेलं काम टिकलं, यापरतं सुख कोणतं?

त्रेसष्ट साली ती आली, पहिल्यापेक्षाही वाळलेली.

"उपासानं झालंय, डोक्तेर," जयदेव कौतुकाने म्हणाला. "बरी झाली तवा देवीला नवस बोलली, दर मंगळवारी उपास. आता तर रोजच धरते. गावच्या बाया पाया पडतात तिच्या."

डॉक्टरांनी कुंतीकडे पाहिलं. "खरंच उपास आहे?"

ती रडायलाच लागली. "न्हाय वो. पानीबी उतरत न्हाय. पन सांगितलं असतं तर लोक म्हनाले असते, नवसात खोट ऱ्हायली, देवी कोपली."

"आयो, कुंते!" जयदेव मटकन खाली बसला. "आनि मी बायांना बोलावून आनत होतो गो, तुझ्या पाया पडायला!"

मला वाटलं, हरलो मी. पण डॉक्टर तिला म्हणाले, "काहींना एकदा पुरतं, काहींना पुन्हा करावं लागतं. यात ना देवीचा कोप, ना तुझा दोष."

माझं रबर तोवर तडकलं होतं. नव्या फुग्याने काम केलं आणि मी बाजूच्या ताटलीतून बघत राहिलो. हेवा? वाटला की थोडा! पण संध्याकाळी कुंतीने पाण्याचा घोट घेतला, तो सरळ खाली गेला, आणि मला भरून आलं.

मित्रांनो, बरं झालेल्या माणसाचीही चौकशी करत जा. कुणी ताट बाजूला सारलं, तर त्याच्यापाशी जरा बसा. एवढ्या वर्षांत कुंतीला सगळ्या गावाने नमस्कार केला, "जेवलीस का गो?" एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.