टिंबापुढची दोन घरं

“जगात निःपक्षपाती असा एक आकडाच,” चष्म्याच्या कारखान्यातला संगणकवाला चहाच्या टेबलाशी म्हणाला, आणि त्याचं बिस्कीट कपात बुडालं.

भिंगं घासणाऱ्या बाईंनी चमचा पुढे केला. “ते असू दे. मला एवढंच सांगा, पाव-अर्धा नंबरवाली माणसं गेली कुठं? दोन महिने झाले, चिठ्ठीवर सगळे पुरे दोन नाहीतर पुरे तीन. बरे झाले की मेले?”

बिस्कीट कपातच राहिलं.

डेटाबेसमध्ये नंबर शाबूत होते. पण चिठ्ठीवर छापायचं तर आकड्याचा मजकूर करावा लागतो, आणि टिंबापुढे किती घरं ठेवायची ते क्वेरीत, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमात, लिहावं लागतं. साहेबांना ‘२.००’मधली शून्यं गबाळी वाटली, म्हणून या संगणकवाल्यानं दोन्ही घरं पाडली. शून्यांबरोबर पाव, अर्धा, पाऊणही बेघर झाले. संगणकानं कुरकुर न करता प्रत्येकाला जवळच्या पूर्ण आकड्यात ढकललं. तक्रारी आल्या, त्यांना दुकानदारांनी पिढीजात उत्तर दिलं: सवय होईल.

तेच उत्तर यानं सासऱ्यांना दिलं होतं. सासरे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. त्यांचा चष्मा यानंच कौतुकानं नेऊन दिला होता. एका डोळ्याचे सव्वादोनचे दोन, दुसऱ्याचे अडीचचे तीन.

क्वेरी सुधारायला मिनिट लागलं. बाकीच्यांना कारखाना पत्रं धाडणार होता. सासऱ्यांच्या घराला मात्र यानं तीन फेऱ्या मारल्या, मग बेल वाजवली.

“अप्पा, चष्माच चुकीचा होता. चूक माझी. तुमचे डोळे ठणठणीत आहेत.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “म्हणजे चक्रं हातून निसटत होती ती म्हातारपणामुळं नव्हे?”

“नाही.”

“अरेच्चा. आणि मी हिला सांगून बसलो, आता आपलं संपलं.” ते हसले. “सोमवारीच दिली हो सगळी हत्यारं. पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराला.”

“मी आणतो परत. आत्ता जातो.”

“दिलेलं मागू नये. हात चांगलाय त्याचा.”

“अप्पा, एखादी शिवी तरी द्या.”

“जावयाला तोंडावर नाही देत. तुम्ही गेलात की देईन.”

सासऱ्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेतच काहीतरी बारीक धरून होती. मग त्यांनी भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडे हनुवटी केली.

“पुढच्या वेळी याल तेव्हा एक पेन्सिल सेल आणा.”